नाडी १८०-१९०, ॲडेनोसिन दोनदा देऊनही थांबत नाही: चुकतंय कुठे?

ग्रामीण_एमओ

ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत भिंतीवर लावायला एक पानी कार्यपद्धती लिहितोय. विषय: जोरात पळणारी नाडी. हाताशी काय आहे ते आधी सांगतो. बारा लीडचं ईसीजी मशीन, पॅडलवालं डिफिब्रिलेटर, ॲडेनोसिनच्या (हृदयातली वहनवाट क्षणभर अडवणारं औषध) ६ मिग्रॅच्या व्हायल, डिल्टियाझेम, मेटोप्रोलॉल आणि अमिओडेरॉनची इंजेक्शनं. इको नाही, कार्डिऑलॉजिस्ट नाही, मोठं रुग्णालय दीड तासावर.

नेहमी येणारा पेशंट असा: पंचविशी ते पंचेचाळिशीतला, बाई असण्याची शक्यता जास्त, बटण दाबावं तशी अचानक धडधड सुरू झालेली, नाडी १७० ते २००, एकदम नियमित. बीपी बरं, शुद्ध पूर्ण. ईसीजीत क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची उंच लाट) अरुंद, पी लाट (वरच्या कप्प्यांची) दिसत नाही. म्हणजे एसव्हीटी (वरच्या भागातून सुरू होणारी जोरात नाडी) धरायला हरकत नाही. ॲडेनोसिन ६ देतो, ढिम्म हलत नाही. १२ देतो, तीन-चार सेकंद रेषा सपाट होते, सगळ्यांचे श्वास अडकतात आणि पुन्हा तीच गाडी सुरू.

औषध खराब आहे, देण्यात चूक आहे की निदानच चुकतंय? १२ नंतर काय द्यावं? आणि दंडाचं बीपी टिकून आहे तोवर थांबायचं की लगेच रेफर करायचं?

---

लीड_टू

सर, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या घटना एकत्र आल्यात. त्या आधी सुट्या करा, अर्धं उत्तर तिथेच आहे.

६ मिग्रॅला "ढिम्म" याचा अर्थ बहुतेक औषध हृदयापर्यंत पोचलंच नाही. १२ ला रेषा सपाट झाली आणि पुन्हा सुरू झालं, याचा अर्थ औषध पोचलं, त्याने काम केलं, पण परिणाम टिकला नाही. पहिली अडचण शिरेची आहे, दुसरी निदानाची किंवा औषध निवडीची. दोन्हींवर "अजून डोस वाढवू" हा एकच उपाय लागू करतो, तिथे घोळ होतो.

ॲडेनोसिनचं रक्तातलं अर्धायुष्य १० सेकंदांहूनही कमी आहे. लाल पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर ते वाटेतच गिळून टाकतात. मनगटाजवळच्या किंवा हाताच्या पाठीवरच्या शिरेतून निळ्या २२ नंबरच्या कॅन्युलाने हळू दिलं तर हृदयात पोचेपर्यंत उरतच नाही. कोपराच्या खोबणीतली शीर हवी, शक्यतो उजव्या हाताची, कॅन्युला गुलाबी २० किंवा हिरवा १८. औषध एक-दोन सेकंदात आत आणि त्याच्या पाठोपाठ २० मिलि सलाइनचा जोरदार धक्का, मग हात वर उचलून धरायचा. दोन सिरिंजा जमत नसतील तर औषध २० मिलि सलाइनमध्येच मिसळून एकाच सिरिंजने झटक्यात ढकला, तेही चालतं.

आता सपाट रेषेबद्दल. त्या तीन-चार सेकंदांची पट्टी कागदावर आहे का? मॉनिटरवर बघितलेलं गेलं ते गेलं. ॲडेनोसिन हे औषध आहे तितकीच ती तपासणीही आहे. सिरिंज हातात घेण्याआधी मशीन मॅन्युअलवर टाकून लीड टू किंवा व्ही-वनची पट्टी सुरू करा आणि नाडी जागेवर आल्यानंतर दहा सेकंदांनी बंद करा. त्या कागदावर यापैकी काहीतरी दिसेल:

क्यूआरएस थांबले आणि मधल्या जागेत करवतीच्या दात्यांसारख्या लाटा चालूच राहिल्या तर ते एट्रियल फ्लटर (वरच्या कप्प्यांची ठरावीक वेगाची फडफड). वेग बरोबर १५० च्या आसपास असेल, म्हणजे दोन क्यूआरएसमध्ये दोन मोठे चौकोन, तर फ्लटरचा संशय आधीच घ्यायला हवा होता. ॲडेनोसिनने फ्लटर जात नाही, फक्त उघडं पडतं. नाडी हळूहळू मंदावली आणि हळूहळूच परत वाढली तर ती सायनस टॅकीकार्डिया (हृदयाची नेहमीचीच लय, फक्त जोरात), तिथे ॲडेनोसिनचं कामच नव्हतं. आणि झटक्यात थांबून एक-दोन साधे ठोके पडले आणि मग एखाद्या अवेळी ठोक्याने पुन्हा फेरा सुरू झाला, तर निदान तुमचंच खरं: एव्हीएनआरटी किंवा एव्हीआरटी (विद्युतलहर गोल फेऱ्यात अडकण्याचे दोन प्रकार). फेरा तुटला होता, पुन्हा जोडला गेला.

या शेवटच्या प्रकारात तिसऱ्यांदा ॲडेनोसिन देण्यात अर्थ नाही. टिकणारं औषध द्या. डिल्टियाझेम किलोला ०.२५ मिग्रॅ, म्हणजे ६० किलोच्या बाईला १५ मिग्रॅ, दोन मिनिटांत सावकाश. पंधरा मिनिटांनी गरज पडली तर ०.३५ च्या हिशोबाने २० च्या आसपास. डिल्टियाझेम देऊन झाल्यावर "थोडं मेटोप्रोलॉलही देऊ" हा मोह टाळा. दोन्ही शिरेतून पाठोपाठ गेली की नाडी ३० वर आणि बीपी जमिनीवर. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या पेशंटला डिल्टियाझेम नाहीच. इको नसेल तर छातीत बुडबुडे वाजतात का, मानेच्या शिरा फुगल्यात का, आधी कधी पाय सुजले होते का, एवढं तरी तपासा.

पण या सगळ्याच्या आधी जोर लावायला सांगता का? नुसतं "बाथरूमला बसल्यासारखा जोर लावा" म्हणण्याचा उपयोग फार थोडा. सुधारित पद्धत अशी: पलंगाची डोक्याकडची बाजू ४५ अंश उचला. १० मिलिची सिरिंज द्या, दट्ट्या आधी एकदा हाताने पुढेमागे करून सैल करा, आणि पेशंटला टोकाकडून फुंकायला लावा, दट्ट्या जेमतेम सरकेल इतकं, पूर्ण १५ सेकंद. हा दाब साधारण ४० मिमी पाऱ्याएवढा होतो. १५ सेकंद झाल्याक्षणी डोकं सपाट आणि दोन्ही पाय दुसऱ्या माणसाने ४५ अंशांत उचलून १५ सेकंद धरायचे. मग पुन्हा अर्धवट बसवा आणि पाऊण मिनिट थांबून बघा. इंग्लंडमध्ये ४२८ पेशंटांवर याची चाचणी झाली, २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आली: नुसत्या जोराने १७ टक्के सुटले, पाय उचलल्यावर ४३ टक्के. खर्च एका सिरिंजचा. पाय पेशंटने स्वतः उचलायचे नाहीत. लोक नेमके तिथेच चुकतात.

---

सिस्टर_नाइट_ड्यूटी

लीड टू सरांनी सांगितलंच आहे, फक्त हाताने करणाऱ्यांच्या बाजूचं थोडं.

ॲडेनोसिन फ्रिजमध्ये ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी "महाग इंजेक्शन" म्हणून ते इन्सुलिनच्या शेजारी जातं. थंडीत त्याचे खडे होतात. झालेच असतील तर व्हायल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, द्रव नितळ झाल्याशिवाय भरू नका.

थ्री-वे कॅन्युलाला थेट लावा, लांब एक्स्टेन्शन नळीच्या टोकाला नको. एका तोंडाला औषधाची सिरिंज, दुसऱ्याला सलाइनची. दोन माणसं हवीत, एक औषध ढकलणारा आणि एक सलाइन ढकलणारा, आणि "आता" कोण म्हणणार हे आधी ठरवा. चालू सलाइनची बाटली बंद करा, नाहीतर औषध उलटं बाटलीच्या नळीत चढतं. तिसऱ्याने ईसीजी मशीनपाशी. डिफिब्रिलेटर चालू करून जेली बाजूला, कारण ॲडेनोसिनने क्वचित एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बेशिस्त थरथर) सुरू होतं.

पेशंटला आधी सांगा: "दहा-पंधरा सेकंद छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटेल, चेहरा गरम होईल, आता संपलं असं वाटेल, आणि जाईल." न सांगता दिलं तर पुढच्या वेळी तो पेशंट सुई बघूनच घरी पळतो. आणि देण्याआधी दम्याचं विचारा. दमा चालू असेल, छातीत शिट्टी वाजत असेल तर ॲडेनोसिन नाही.

ईसीजीचा कागद थर्मल असतो. फायलीत वर्षभरात पांढरा पडतो, आणि कोणी हौसेने लॅमिनेट केला तर उष्णतेने अख्खा काळा होतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

---

ग्रामीण_एमओ

फ्रिजचं मात्र खरं निघालं, व्हायल तिथेच आहेत. पट्टी काढत नव्हतो, हेही कबूल.

आणखी तीन शंका. जुन्या पुस्तकांत डोळ्यांवर दाब देणं आणि मानेची नस चोळणं दोन्ही आहे, पानावर घालू का? क्यूआरएस रुंद असेल तर क्रम काय? आणि नाडी जोरात पण अनियमित असेल तर?

---

इपी_लॅब

डोळ्यांवर दाब: नाही. बुबुळाला इजा होते, पडदा सुटू शकतो. कॅरोटिड मसाज तरुणात चालेल, एका वेळी एकच बाजू, पाच ते दहा सेकंद. वयस्कर माणसात आधी स्टेथोस्कोप ठेवून मानेत घरघर ऐकू येते का बघा, आणि गेल्या तीन महिन्यांत लकवा किंवा तात्पुरता झटका आला असेल तर हात लावू नका.

रुंद क्यूआरएस, म्हणजे तीन छोट्या चौकोनांहून जास्त, नियमित आणि जोरात: व्हीटी (खालच्या कप्प्यांतून येणारी धोक्याची जोरात नाडी) समजूनच चाला. पेशंट बोलतोय, बीपी ११० आहे, म्हणून व्हीटी नाही, असा युक्तिवाद रोज कुठेतरी होतो आणि तो चूक आहे. व्हीटीतला माणूस तासभर गप्पा मारू शकतो. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला असेल तर शंकाच नको. इथे डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल दिलं की बीपी कोसळतं आणि मग शॉकशिवाय हातात काही राहत नाही. पानावर हे वाक्य लाल शाईत लिहा.

बीपी ठीक असेल तर अमिओडेरॉन १५० मिग्रॅ, ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलिमध्ये, दहा मिनिटांत. सलाइनमध्ये मिसळू नका. पोटॅशियम पाठवा. क्यूआरएसचा आकार पिळल्यासारखा वरखाली फिरत असेल तर ते टॉरसाद (व्हीटीचाच एक प्रकार), तिथे अमिओडेरॉनने बिघडतं. त्याला मॅग्नेशियम २ ग्रॅम लागतं, आणि ते तुमच्याकडे आहे: लेबर रूममध्ये झटक्यांसाठी ठेवलेलं मॅगसल्फ. ५० टक्क्यांच्या २ मिलि अँप्यूलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे दोन अँप्यूल, पातळ करून.

बीपी ९० च्या खाली, गुंगी, छातीत दुखणं, फुप्फुसात पाणी, यातलं काहीही नाडीच्या वेगामुळे असेल तर क्यूआरएस अरुंद असो वा रुंद, शॉक. शुद्ध असेल तर मिडाझोलॅम देऊन. सिंक बटण (शॉक ठोक्याशी जुळवणारं) दाबा आणि प्रत्येक आर लाटेवर (क्यूआरएसच्या टोकावर) खूण उमटते का ते बघा. खूण टी लाटेवर (क्यूआरएसनंतरच्या लाटेवर) पडत असेल तर लीड बदला. १०० जूल, बायफेजिक. आता दोन चुका नेहमीच्या. एक: बटण दाबून लगेच सोडतात. सिंकमध्ये मशीन योग्य ठोक्याची वाट बघतं, म्हणून शॉक बसेपर्यंत दाबून धरायचं. दोन: पहिल्या शॉकनंतर बऱ्याच मशीनचं सिंक आपोआप बंद होतं. दुसरा शॉक न बघता दिला तर तो टी लाटेवर बसून व्हीएफ (खालच्या कप्प्यांची थरथर, नाडी बंद) होऊ शकतं. मात्र टॉरसादमध्ये नाडी लागत नसेल, किंवा व्हीएफ असेल, तर सिंक न लावता पूर्ण जुलांचा शॉक.

अनियमित आणि अरुंद: बहुतेक एट्रियल फिब्रिलेशन. ॲडेनोसिनचा उपयोग नाही. वेग आवरा, आणि ४८ तासांहून जुनं असेल किंवा कधीपासून ते माहीतच नसेल तर नाडी जागेवर आणण्याची घाई करू नका, कारण डाव्या कप्प्यातली गुठळी सुटून मेंदूत जाते. आधी किमान तीन आठवडे रक्त पातळ करावं लागतं. पेशंट कोसळत असेल तर अर्थात शॉक आधी. मायट्रल झडप संधिवाताच्या तापाने आकसलेली असेल तर वॉरफेरिनच.

अनियमित, रुंद आणि भयंकर जोरात, काही ठिकाणी आर-आर (दोन क्यूआरएसमधलं) अंतर एका मोठ्या चौकोनाएवढं किंवा त्याहून कमी: हा डब्ल्यूपीडब्ल्यूमधला (जन्मजात जादा विद्युतवाट असलेल्या हृदयातला) एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. एव्ही नोड (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला नेहमीचा विद्युतमार्ग) हा दरवाजा आहे आणि शेजारी एक चोरवाट आहे. दरवाजा बंद केलात की सगळी गर्दी चोरवाटेने खाली उतरते आणि व्हीएफ होतं. म्हणून ॲडेनोसिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, मेटोप्रोलॉल, डिगॉक्सिन, शिरेतलं अमिओडेरॉन, काहीही नको. तुमच्या यादीतलं एकही औषध इथे चालत नाही, त्यामुळे उत्तर सोपं आहे: शॉक.

---

रायगड_फिजिशियन

वरचं सगळं बरोबर, पण पानाच्या डोक्यावर एक ओळ हवी: जोरात पळणारी प्रत्येक नाडी हृदयाचा आजार नसते. कॅज्युअल्टीतल्या १३०-१४० च्या नाड्यांमध्ये सायनस टॅकीकार्डियाच जास्त असतो. ओळख साधी: प्रत्येक क्यूआरएसआधी पी लाट, वेग थोडा खालीवर होत राहतो, आणि २२० वजा वय यापेक्षा सहसा वर जात नाही. तिथे नाडीला मारायचं नाही, कारण शोधायचं. ताप, अतिसाराने सुकलेला माणूस, डेंगीतली गळती, ५ वर आलेलं हिमोग्लोबिन, गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा फुटलेली, थायरॉइड, फुप्फुसातली गुठळी. या पेशंटचं हृदय धावून बीपी सांभाळतंय. त्याला मेटोप्रोलॉल दिलंत तर तुम्ही त्याची काठी काढून घेतलीत.

कोकणात लाल विंचवाचा दंश विसरू नका. घामाने डबडबलेला, हातपाय गार, नाडी १४०, बीपी चढलेलं. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने इथे रक्तवाहिन्या आणखी आवळतात आणि फुप्फुसात पाणी लवकर होतं. औषध प्राझोसिन, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं ते काम सर्वांना माहीत आहे. धोतऱ्याची विषबाधा: तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, बडबड, नाडी १५०. आणि कीटकनाशकाच्या पेशंटला ॲट्रोपिन जास्त झालं तरी हेच चित्र.

ॲडेनोसिन न लागण्याचं एक देशी कारणही आहे: डेरिफायलिन. धाप लागली म्हणून वाटेतल्या दवाखान्यात दिलेलं असतं. थिओफायलिनच्या गटातली औषधं ॲडेनोसिनचे रिसेप्टरच अडवतात, कडक चहा-कॉफीनेही थोडं होतं. उलट फिट्सची कार्बामाझेपिनची गोळी चालू असेल तर ॲडेनोसिन ३ मिग्रॅपासून सुरू करा, परिणाम जास्त जाणवतो.

---

ग्रामीण_एमओ

हे शेवटचं. नाडी जागेवर आली, बाई म्हणते आता बरं आहे, घरी जाते. सोडताना काय करायचं? आणि ट्रोपोनिन (हृदयाची इजा दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वाढलेलं आलं तर अँजिओग्राफीला पाठवायचं का?

---

लीड_टू

ट्रोपोनिन आधी. तासभर १९० ने धावलेल्या हृदयात ते थोडं वाढतं, धडधडीच्या वेळी एसटी (ईसीजीत क्यूआरएसनंतरचा भाग) खालीही जातो. तरुण पेशंट, धोक्याचं कारण नाही, नाडी उतरल्यावर एसटी सरळ झाला आणि दुखणं गेलं, तर अँजिओग्राफीची घाई नको. धडधडीनंतर बाई तीन-चार वेळा भरपूर लघवीला जाईल, तेही एसव्हीटीचंच लक्षण आहे. कप्पे ताणल्याने लघवी वाढवणारं हार्मोन सुटतं. "घाबरल्यामुळे होतं" असा शिक्का मारून वर्षानुवर्षं चिंतेच्या गोळ्या खाणाऱ्या बायकांना हा एक प्रश्न विचारला तरी बरंच कळतं. दुसरा प्रश्न: मानेत बेडूक उडाल्यासारखं वाटतं का?

सोडण्याआधी शांत नाडीचा बारा लीडचा ईसीजी काढायचाच. पीआर (पी लाटेपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर) तीन छोट्या चौकोनांहून कमी आणि क्यूआरएसच्या सुरुवातीला तिरकी चढण, म्हणजे डेल्टा लाट, दिसली तर ती डब्ल्यूपीडब्ल्यू आणि तिला इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टकडे (हृदयाच्या विद्युतलयीच्या तज्ज्ञाकडे) पाठवणं टाळता येत नाही. रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची), पोटॅशियम. इको महिनाभरात कुठेही. महिन्यातून एकदा धडधडणाऱ्याला २४ तासांचा होल्टर (अंगावर बांधायचं ईसीजी यंत्र) लावणं म्हणजे पैसे फुकट. त्यापेक्षा "धडधडलं की जवळच्या दवाखान्यात जाऊन आधी ईसीजी, मग इंजेक्शन" हे समजावून सांगा.

---

इपी_लॅब

ॲब्लेशनबद्दल (धडधडीची वाट आतून जाळून बंद करणं) तेवढंच सांगतो जे रेफर करणाऱ्याला लागतं. जांघेच्या शिरेतून तारा, जागा बधिर करून, एक ते तीन तास. एव्हीएनआरटीत यश ९५ टक्क्यांहून जास्त. ज्या जागी जाळायचं ती नैसर्गिक वायरिंगच्या अगदी शेजारी असते, त्यामुळे कायमचा पेसमेकर लागण्याची शक्यता आहे, पण शंभरात एकाहून कमी. पेशंटला दोन्ही आकडे सांगा, एकच नको. नंतर चार ते सहा तास पाय सरळ ठेवून झोपायचं, दुसऱ्या दिवशी सहसा घरी.

कोणाला सुचवायचं: वारंवार होणाऱ्यांना, चक्कर येऊन पडलेल्यांना, बस-ट्रक चालवणाऱ्यांना, आणि मूल हवं असलेल्या बायकांना गर्भार राहण्याआधी. गरोदरपणात एसव्हीटी झालीच तर जोर लावणं, मग ॲडेनोसिन, गरज पडली तर शॉकही चालतो. योजनेतून होईल का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पॅकेजचं नाव सांगून आधीच विचारा: इपी स्टडी (विद्युतलयीची तपासणी) आणि आरएफए (ॲब्लेशन).

एक विनंती. रेफर करताना "सुरक्षित राहू दे" म्हणून अमिओडेरॉनच्या गोळ्या सुरू करून पाठवू नका. ती शरीरात आठवडेच्या आठवडे राहते, लॅबमध्ये धडधड सुरूच करता येत नाही आणि पेशंटला तारीख पुढची मिळते. मेटोप्रोलॉल २५ मिग्रॅ दोनदा दिलंत तर चालेल, डेल्टा लाट नसेल तर. ते आम्ही फोनवर सांगून दोन-तीन दिवस आधी थांबवतो.

आणि चिठ्ठीवर नुसतं "एसव्हीटी, ॲडेनोसिनने बरी" असं लिहू नका. तीन कागद द्या: धडधडीचा बारा लीड, ॲडेनोसिनची लांब पट्टी, नंतरचा शांत ईसीजी. तिन्हींचा फोटो पेशंटच्याच मोबाइलमध्ये काढून द्या. चिठ्ठी हरवते, मोबाइल हरवत नाही.